पिन गेली तरी चालेल : प्रस्तावना

जुन्या स्किड स्टिअर लोडरचं काम अडतं ते बहुतेक वेळा इंजिनापाशी नव्हे, पिनेपाशी. इंजिनाचं दुखणं ओळखायला अवघड असेल, पण त्याचे नट-बोल्ट निघतात. पंप बदलता येतो, सील किट बाजारात मिळतं. सिलिंडर बूमला जोडणारी 40-50 मिलिमीटर जाडीची पिन मात्र बुशात गंजून बसली, की सिलिंडर उतरत नाही, सिलिंडर उतरल्याखेरीज सील बदलता येत नाही आणि सकाळी हाती घेतलेलं काम आठवडाभर लांबतं. त्या आठवड्यात मशीनचं जे नुकसान होतं ते गंजाने केलेलं नसतं, दुरुस्त करणाऱ्याने केलेलं असतं. हे पुस्तक त्या नुकसानाविषयी आहे.

रायपूरच्या चौबे कॉलोनीत बसून असं पुस्तक का लिहावं, असा प्रश्न महाराष्ट्र मंडळातल्या मित्रांनीच मला विचारला. कॉलोनी कारखान्यांची नव्हे, हे खरं. पण इथून जी. ई. रोडने टाटीबंध गाठा आणि रिंग रोडला लागा, की भनपुरी, उरला आणि पुढे बिलासपूर रस्त्यावरचं सिलतरा असा लोखंडाचा पट्टा सुरू होतो. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, रोलिंग मिल, तांदळाच्या गिरण्या, गोदामं. कन्व्हेअरच्या खाली सांडलेला माल, दोन भट्ट्यांमधली चिंचोळी वाट, गोदामाचा कोपरा, अशा जागी बॅकहो लोडर शिरत नाही. तिथे स्किड स्टिअर लागतो. या पट्ट्यातले बरेच स्किड स्टिअर दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडे आहेत आणि त्यांच्या पिनांना ग्रीस शेवटचं कधी लागलं हे कुणालाच सांगता येत नाही.

ज्यांनी हे मशीन जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात रॉथसे नावाचं छोटं गाव आहे. तिथे सिरिल आणि लुई केलर या भावांचा वर्कशॉप होता. टर्की पाळणाऱ्या एका शेतकऱ्याला खुराड्यातली घाण काढायची होती. जागा अरुंद, मध्ये खांब, त्यामुळे ट्रॅक्टर आत वळेना. केलर बंधूंनी 1956 मध्ये एक लहान तीनचाकी लोडर बनवला आणि 1957 च्या फेब्रुवारीत तो त्या शेतकऱ्याच्या हवाली केला. 1958 मध्ये नॉर्थ डकोटातल्या मेलरो कंपनीने ती कल्पना उचलली, 1960 मध्ये चार चाकांचं मॉडेल आलं आणि 1962 मध्ये मशीनला बॉबकॅट हे नाव मिळालं. पुढे केस, जेसीबी, कॅटरपिलर असे सगळेच या धंद्यात उतरले. जेसीबीने 1993 मध्ये एकाच बाजूला हात असलेला लोडर आणला, म्हणजे चालकाला बकेटवरून चढून आत बसायची गरज उरली नाही. आपल्याकडे मात्र कंपनी कुठलीही असो, मिस्त्री त्याला बॉबकॅटच म्हणतात.

हा इतिहास पिनेच्या पुस्तकात कशाला, तर पिनांचं दुखणं त्या खुराड्यातूनच आलेलं आहे. जागच्या जागी वळता यावं म्हणून या मशीनला स्टिअरिंगची चाकं नाहीत. एका बाजूची दोन्ही चाकं पुढे, दुसऱ्या बाजूची मागे, आणि मशीन फरफटत वळतं. बकेट मालाच्या ढिगात रुतलेली असताना चालक असा वळला, की तो आडवा ताण थेट बकेटच्या आणि बूमच्या पिनांवर येतो. पिना बनवलेल्या असतात उचलण्याचं वजन पेलायला. आडव्या ताणाने त्या किंचित वाकतात, बुशाच्या तोंडाशी घासतात, सील फाटतं आणि धूळ-पाण्याला वाट मिळते. साध्या रेडियल लिफ्टच्या मशीनवर बूमच्या मुळाशी दोन, लिफ्ट सिलिंडरच्या चार, दोन टिल्ट सिलिंडर असतील तर त्यांच्या चार आणि बकेट जोडणाऱ्या कपलरच्या दोन, अशा डझनभर पिना असतात. व्हर्टिकल लिफ्टच्या मशीनला जास्तीच्या लिंक असतात, म्हणून पिनाही जास्त. माझ्या पाहण्यात सगळ्यांत आधी जाम होतात त्या खालच्या, कपलरजवळच्या. चिखल, पाणी आणि माल तिथेच साचतो, आणि ग्रीस मारायला गुडघे टेकावे लागतात म्हणून चालक तिथेच टाळाटाळ करतो.

पिन जाम होते म्हणजे नेमकं काय होतं? पिन बुशात फिरायला हवी आणि बुश आपल्या भोकात घट्ट बसायला हवा. ग्रीस संपलं की पिनेवर गंज चढतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. पिन आणि बुश यांच्यात मोकळीक असते मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांची. ती भरून गेली की दोघं एकजीव होतात. चालकाला मात्र काहीच कळत नाही, कारण मशीन चालूच असतं. हायड्रॉलिकचा जोर एवढा असतो की पिन बुशात फिरली नाही तर बुश भोकात फिरतो, नाहीतर पिन बाहेरच्या दोन कानांत, म्हणजे तिची टोकं धरणाऱ्या भोकाच्या पाट्यांत, फिरते आणि तिला धरून ठेवणारा लॉकचा बोल्ट तोडते. लॉकचा बोल्ट वारंवार तुटतोय म्हणून त्याहून जाड बोल्ट ठोकणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. तो बोल्ट तुटणं ही तक्रार असते आणि त्यांनी तक्रार करणाऱ्याचंच तोंड बंद केलेलं असतं.

आमच्याकडच्या धुळीचा वेगळा उल्लेख करायला हवा. स्पंज आयर्नची भुकटी म्हणजे ऑक्सिजन काढून घेतलेलं लोखंड. ओलावा मिळाला की ते ऑक्सिजन परत घेतं. अशी भुकटी बुशात शिरली आणि वर पावसाळ्याचे चार महिने गेले, की बाहेरून आलेली धूळच आत फुगून गंज होते. गिरण्यांमधली कथा निराळी. तिथे बॉयलरमागची भुशाची राख असते. तिच्यात बहुतांश सिलिका, म्हणजे वाळूची भावंडं. ती ग्रीसमध्ये मिसळली की पॉलिश पेपरचं काम करते. म्हणून सिलतऱ्याच्या मशीनच्या पिना अडकतात आणि गिरणीतल्या मशीनच्या पिना झिजून खिळखिळ्या होतात. दोन्ही एकाच मशीनवर आढळतात तेव्हा ते मशीन दोन्हीकडे राबलेलं आहे असं खुशाल समजावं.

आता काढण्याकडे वळू. या कामात संप्रदाय आहेत आणि प्रत्येकाला दुसरा अडाणी वाटतो.

सर्वांत जुना घणवाल्यांचा. लोहारशाळा आणि रेल्वेचे कारखाने हे त्यांचं मूळ. रायपूरला वॅगन रिपेअर शॉप आहे, नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचा वर्कशॉप होता आणि त्या परंपरेतला जुना माणूस घणाचा एक घाव असा घालतो की पाहत राहावं. त्यांचा नियम योग्य आहे: हलके शंभर ठोके देऊन पिनेचं तोंड छत्रीसारखं पसरवण्यापेक्षा जड घणाचा एक सरळ घाव बरा, आणि मागच्या कानाला तितक्याच वजनाचा आधार हवा. पसरलेलं तोंड बुशातून जाणारच नाही, म्हणून आधी ग्राइंडरने घासून काढा, हेही तेच सांगतात. त्यांचं चुकतं ते एकाच ठिकाणी. पिनेचा पृष्ठभाग कडक केलेला असतो, घणाचंही तोंड कडक. कडकावर कडक आदळलं की ठिकरी उडते आणि डोळा जातो. मध्ये पितळेचा किंवा तांब्याचा तुकडा धरायला काहीच खर्च नाही.

दुसरे दाबवाले. पोकळ जॅक, त्यातून आरपार गेलेला आटे पाडलेला रॉड, पिनेला धरणारी चकती आणि दुसऱ्या बाजूला कानावर टेकलेला जाड पाइप. यात पिन ढकलली जात नाही, ओढली जाते, आणि सगळा ताण त्याच कानावर पडतो ज्यातून पिन बाहेर येणार आहे. साधा जॅक दोन कानांमध्ये घुसवून ढकलणारे वीस टन ताकदीने पिन काढत नाहीत, कान फाकवतात. ताण देऊन ठेवायचा आणि मग घणाचा एक घाव घालायचा, ही या दोन संप्रदायांची तडजोड मला सर्वांत भरवशाची वाटते. ताणाखालच्या पिनेसमोर मात्र कुणी उभं राहू नये. ती सुटते तेव्हा सांगून सुटत नाही.

तेलवाल्यांबद्दल थोडक्यात. तेल झिरपतं ते बारीक फटीतून. फटच गंजाने गच्च भरलेली असेल तर एका तासात काही होत नाही, रात्रभर ठेवून अधूनमधून ठोकलं तर होतं. डब्ल्यूडी-40 हे 1953 मध्ये कॅलिफोर्नियात तयार झालं ते ओलावा हटवून गंज टाळण्यासाठी. जाम पिनेवरचं ते रामबाण औषध नव्हे. गिअर ऑइलमध्ये अ‍ॅसिटोन मिसळून लावण्याची पद्धत आहे, पण ते दोन्ही नीट मिसळत नाहीत आणि अ‍ॅसिटोनची वाफ उघड्या ज्योतीशिवायही, एखाद्या ठिणगीने पेटते. मे महिन्याच्या रायपुरात पत्र्याच्या शेडखाली तो प्रयोग नको. तेलवाल्यांची एक युक्ती मात्र मोलाची आहे. ग्रीस निपल काढून आत सुकलेलं ग्रीस तारेने मोकळं करायचं, नवं निपल लावायचं आणि हातपंपाने पातळ तेल आत दाबायचं. चांगली ग्रीस गन काहीशे बारचा दाब देते. बाहेरून ओतलेलं तेल जिथे पोचत नाही तिथे हे पोचतं.

सगळ्यांत जास्त गैरसमज आगवाल्यांविषयी आहेत आणि आगवाल्यांमध्येही आहेत, म्हणून इथे जरा थांबतो. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना सुतार-लोहार ती शेणींच्या आगीत तापवत; तापली की फुगे, लाकडावर अलगद बसे आणि पाणी ओतलं की आवळली जाई. पिनेच्या बाहेरचा बॉस, म्हणजे बुशाच्या भोकाभोवतीचा जाड भाग, तापवणं म्हणजे तेच उलट्या दिशेने. पोलाद दर अंशाला लांबीच्या सुमारे 12 दशलक्षांश भागाने वाढतं. 50 मिलिमीटरचं भोक पिनेपेक्षा 200 अंशांनी जास्त तापलं, तर ते सुमारे 0.12 मिलिमीटरने मोठं होतं. आकडा क्षुल्लक वाटेल, पण गंजाची पकड सुटायला तेवढं पुरतं. अट एकच: बॉस तापला पाहिजे आणि पिन थंड राहिली पाहिजे. मोठ्या ज्योतीने झटपट तापवलं तर हे साधतं. बारीक ज्योतीने अर्धा तास शेकत बसलं, की दोघं सारखे तापतात आणि फरक उरत नाही.

याच्या नेमकं उलट तंत्र जुन्या वेल्डरांकडे आहे आणि ते ऐकून नवख्याचा विश्वास बसत नाही. पिनच लालभडक तापवायची. तापलेली पिन फुगू पाहते, पण बाहेरचा थंड बॉस तिला फुगू देत नाही, म्हणून ती आतल्या आत दबते. पूर्ण थंड झाली की मूळ मापापेक्षा बारीक होते. घाई करून गरम असतानाच ठोकणाऱ्याला यातून काहीच मिळत नाही; चहा पिऊन येणाऱ्याला मिळतं. भोकात अडकलेला बुश काढताना त्याच्या आतून वेल्डिंगचा एक थर फिरवतात, तोही याच हिशोबाने. थर गार होताना आक्रसतो, बुशाला आत ओढतो आणि बुश हाताने निघतो. बाहेरच्या बॉसला ओरखडाही येत नाही. माझ्या मते या सगळ्या विद्येतली सर्वांत देखणी युक्ती हीच.

आगीचे धोके मात्र आगीएवढेच खरे. दोन्ही तोंडं बंद असलेल्या हायड्रॉलिक सिलिंडरला आच लागली तर आतल्या तेलाचा दाब वाढून तो फुटू शकतो. होस काढून पोर्ट उघडे केल्याशिवाय त्याच्या जवळ ज्योत नेऊ नये. पिनेच्या पोटात ग्रीसची वाट असते, म्हणून निपल आधी काढावं, नाहीतर ते गोळीसारखं सुटतं. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवावी. आणि इंडक्शनने कडक केलेली पिन किंवा बुश 200-250 अंशांच्या वर गेले की त्यांचा कडकपणा उतरू लागतो. ते पुन्हा वापरायचे नाहीत.

शेवटचे कापणारे. बॉस आणि कान यांच्या फटीतून पिन कापायची, किंवा तिच्या मध्यातून ड्रिल मारायचं. पिनेचा कडकपणा वरच्या काही मिलिमीटरपुरताच असतो, गाभा मऊ असतो. म्हणून बाजूने कापताना साधं पातं घसरतं, पण मधोमध ड्रिल उतरतं. गॅस कटर हे या संप्रदायाचं ब्रह्मास्त्र आणि अविवेकही. हात थोडा हलला की पिनेबरोबर कानही जातो.

इथे या पुस्तकाची बाजू सांगतो. पद्धत कुठली हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की काय वाचवायचं आणि काय जाऊ द्यायचं. पिन दुकानात मिळते, न मिळाली तर लेथवर बनते. बुशही बनतो. बूमवरचे कान आणि बॉस मात्र बूमचेच भाग असतात. ते फाटले, अंडाकृती झाले किंवा एकमेकांच्या रेषेतून सरकले, की वेल्डिंगने भरून लाइन बोरिंग करावं लागतं, नाहीतर नवी पिन पहिल्याच महिन्यात वाकडी चालते. म्हणजे उतरंड स्पष्ट आहे: आधी पिन जाऊ द्या, मग बुश, आणि बॉसला हात लावू नका. प्रत्यक्षात घडतं उलटं. मालक म्हणतो, पिन खराब करू नका, आणि मिस्त्री पिनेला जपत जपत कान फाकवतो. ती वाचवलेली पिन झिजलेली असते, गंजलेली असते, मशीनवर परत चढवण्याच्या लायकीची क्वचितच असते.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर या पुस्तकात वारंवार भर दिला आहे. जाम म्हणून आणलेल्या कित्येक पिना जाम नसतातच, त्यांच्यावर वजन असतं. बूमचा किंवा बकेटचा भार पिनेवरच टेकलेला असेल तर नवी कोरी पिनही निघणार नाही. बकेट ठोकळ्यांवर टेकवा, जॅकने बूम मिलिमीटर-मिलिमीटर वर-खाली करा, लॉकचा बोल्ट काढा आणि ओढण्याआधी पिन फिरवून पाहा. फिरली, तर ती निघणार. हे सगळं बूमला कंपनीचा आधार किंवा तितकाच भक्कम आधार दिल्यानंतरच. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर उचललेल्या बूमखाली वाकणं या मशीनवर जिवावर बेततं.

आज हे लिहायची निकड का? नव्या मशीनना प्रदूषणाचे नियम कडक झाले आहेत. चाकांवरच्या बांधकाम यंत्रांना सीईव्ही स्टेज चार हा टप्पा एप्रिल 2021 पासून लागू झाला, त्यापुढचा पाचवा टप्पा 2025 मध्ये आला. नवं मशीन त्याने महागलं आणि जास्त नाजूक इलेक्ट्रॉनिक्सचं झालं. लहान ठेकेदार साहजिकच जुन्यालाच धरून राहतो. दुसरीकडे, जुन्याला हात लावणारे मिस्त्री म्हातारे झाले आहेत. आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेलचा मुलगा इंजिन शिकून बाहेर पडतो. पिन-बुशाचं काम तो कारखान्यात पाहून शिकतो, आणि पाहतो ते बहुतेक गॅस कटरच.

मराठीत अशा लिखाणाची वाट एके काळी होती. शंकरराव किर्लोस्करांनी 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' काढलं ते नांगर आणि यंत्रं यांच्या निमित्तानेच. नागपूरच्या 'उद्यम' मासिकाने घरोघरी धंद्याची माहिती पोचवली, आणि 1956 पर्यंत रायपूरचीही राजधानी नागपूरच होती. पण ते सारं उभारणीचं लिखाण होतं: साबण कसा करावा, पंप कसा बसवावा. बिघडलेलं कसं उघडावं याबद्दल आपण फारसं लिहिलं नाही. दुरुस्तीचं ज्ञान तोंडी राहिलं, आणि तेही हिंदीत, छत्तीसगढीत, चहाच्या टपरीवर.

या पुस्तकात ते कागदावर आणण्याचा प्रयत्न आहे. मशीनचं सर्वांगीण मॅन्युअल हे नव्हे. चेनकेस, पंप, वायरिंग यांना इथे हात लावलेला नाही. जिथे मिस्त्रींचे आपसात मतभेद आहेत तिथे दोन्ही बाजू ठेवल्या आहेत आणि माझं मत वेगळं सांगितलं आहे. पिन निघाल्यावर नवी बसवताना शिम, सील आणि ग्रीस यांच्याकडे किती लक्ष द्यायचं, हे काढण्याइतक्याच विस्ताराने आलं आहे, कारण पुढच्या दहा वर्षांची जाम पिन त्याच दिवशी ठरते. मालकांनाही एक विनंती आहे. मिस्त्रीच्या हातात मशीन देताना पिन आणि बुश नवे घ्यायची तयारी आधीच सांगा, म्हणजे तो कानाला जपेल.

मापं आणि तापमानं दिली आहेत ती सर्वसाधारण आहेत. तुमच्या मशीनच्या पार्ट्स बुकात काही वेगळं असेल, तर पार्ट्स बुकावर विश्वास ठेवा.

चौबे कॉलोनी, रायपूर